आत्याबाईची बिनफ्रीची सायकल

आत्याबाई बसत नसे. हे अगदी शब्दशः घ्यावं. चहा ती अंगणात फेऱ्या मारत प्यायची. जेवण ओट्याशी, उभ्यानं. लग्नाच्या पंगतीत सगळे बसले की ही वाढायला उभी, आणि वाढणं संपायच्या आधीच पत्रावळी उचलायला सुरुवात. एखाद्याचा शेवटचा घास हातात राहायचा आणि समोरची पत्रावळ गेलेली असायची. कुणी म्हटलं, "सिस्टर, टेका ना घडीभर," तर ती म्हणायची, "बसली की मले ऐकू कमी येते." हे ती इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगायची की आमच्या एका नातेवाइकानं तिला नागपूरच्या कानाच्या डॉक्टरचा पत्ता आणून दिला होता.

ती माझ्या बाबांची मोठी बहीण. आमचं घर पांढुर्ण्याला, तिचं तीस-पस्तीस किलोमीटरवर सौंसरला. तिथल्या सरकारी दवाखान्यात तिनं नर्सची नोकरी केली आणि तिथंच दोन खोल्यांचं घर बांधलं, पुढं पत्र्याची छपरी. घरात ती आत्याबाई, बाकी सगळ्या मुलखाला सिस्टर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या जत्रेला तिची ड्यूटी आमच्या गावात लागायची. जाम नदीत पांढुर्णा आणि सावरगाव दोन्हीकडून दगड सुरू झाले की दवाखान्याच्या मंडपात फुटलेली डोकी येत राहायची, आणि ही दिवसभर टाके घालत उभी. "सालभरात हा एकच दिवस असा आहे," ती म्हणायची, "की मले कोणी बस म्हणत नाही." ज्याला टाके घालायची त्याला मात्र सोडत नसे. "पुढच्या साली आला त सुन्न न करता शिवीन, सांगून ठेवते." पुढच्या साली तो यायचाच, आणि ही त्याला सुन्न करूनच शिवायची.

तिचं लग्न झालं होतं, काटोलला. फार टिकलं नाही. भांडण नाही, मारहाण नाही, काही नाही. एक दिवस ट्रंक घेऊन परत आली ती आलीच. मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं, तर कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "माणूस चांगला होता व. पण तो बसून राहणारा, मी उभी राहणारी. एकमेकाचं तोंड कधी दिसीन?" मग चिमटा दातात धरून तिनं पुढची चादर झटकली, आणि तो विषय तिथंच संपला.

कॉलेजात असताना ती सायकलच्या शर्यतीत उतरायची. आमच्या समाजातली, आमच्या भागातली पोरगी आणि सायकलच्या शर्यतीत, याचं तेव्हा लोकांना जेवढं नवल वाटलं तेवढं तिला कधी वाटलं नाही. नोकरी लागल्यावर तिनं नागपूरहून एक जुनी रेसिंग सायकल आणली. बारीक टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, मागच्या चाकाला एकीला एक चिकटलेल्या पाच दातेरी चकत्या, आणि गेअर बदलायच्या दोन छोट्या कांड्या खालच्या दांड्यावर. रविवारी सकाळी ती सौंसरहून निघायची आणि आमच्या घरी चहाचं आधण ठेवायच्या आत पोचायची. दारातूनच आवाज: "काय व सुजाता, उठली का नाही अजून?" मी पांघरुणात. दुपारची उन्हं चढायच्या आत परत निघालेली. आई म्हणायची, "ताई, आल्यासारखं दोन घंटे तरी थांबा." तोवर सायकल गल्लीच्या वळणावर पोचलेली असायची.

ती रिटायर झाली तेव्हा आम्हाला वाटलं, आता ही काय करणार? तिनं काही वेगळं केलं नाही. जास्तच फिरू लागली. मोहगाव, रामाकोना, कुणाचं बाळंतपण झालं तिथं, कुणाची साखर वाढली तिथं. तिला कुणी बोलावत नसे, तरी ती जायची, आणि लोक तिची वाट बघत असायचे. गेअर कुरकुरू लागले होते. त्या जुन्या सायकलचं सामान सौंसरला काय, नागपूरलाही मिळत नव्हतं. एकेक चकती बाद होत गेली. ती म्हणायची, "मी पण तशीच आहे. एक गेअर चालते, बाकीचे देखाव्याले."

मग तो रविवार आला. आत्याबाई नेहमीसारखी अंगणात चहा पीत फिरत होती. बाबा पेपर वाचत होते. कप खाली पडून फुटल्याचा आवाज आला. आम्ही वर पाहिलं तर ती आपल्या डाव्या हाताकडे बघत उभी होती, एखाद्या आडमुठ्या पोराकडे बघावं तशी. तोंडाची एक बाजू ओघळली होती. जीभ जड झाली होती, तरी बोलली ते स्वच्छ कळलं.

"लकवा होऊन राहिला मले. अरुण, गाडी सांग. नागपूर. रडून नोको राहू, उशीर होते."

अरुण म्हणजे माझे बाबा. ते खरंच रडत होते.

वेळेत पोचलो म्हणून ती वाचली. पण पंधरवड्यानंतर घरी आणली तेव्हा डावा पाय फरफटत होता आणि डाव्या हाताची मूठ वळत नव्हती. बाबांनी आमच्या अंगणात राहिलेली तिची सायकल सौंसरला नेऊन ठेवली, ते घर कुलूप लावून बंद केलं आणि तिला आमच्याकडं आणलं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी पलंग, उशाला पाण्याचा जग, बोलवायला पितळी घंटी. बाबांनी सगळं इतक्या मायेनं मांडलं होतं, आणि आत्याबाई त्या मांडणीकडे अशी बघत होती की मला तिथं उभं राहवेना.

जन्मभर न बसलेलं माणूस बसवून ठेवलं की काय होतं, ते आम्ही पाहिलं. ती घंटी वाजवायची, आणि गेलं की म्हणायची, "काही नाही, वाजते का पाहून राहिली होती." खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांना हाका मारून त्यांच्या चपला, चाल, पाठीचा बाक यावर उपदेश करायची. आईनं भरवलेला घास गिळायच्या आत पुढचा मागायची. एकदा व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला तिनं उशी फेकून मारली, आणि उशी त्या मुलीपर्यंत पोचलीही नाही म्हणून स्वतःच रडली. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

व्यायाम मात्र ती चुकवत नसे. पाय उचलायचा, खाली ठेवायचा. उचलायचा, खाली ठेवायचा. "मी सांगून राहिली, पण माहा हुकूम तिथपर्यंत पोचूनच नाही राहिला," ती मला म्हणाली. "मधातच कुठीतरी पोस्टमन मेला." मग म्हणाली, "सुजाता, माही सायकल आण."

"आत्याबाई, सायकल?"

"चालवाले नाही व. पाहाले."

पाहायला आण म्हणाली, म्हणून मी आणली. मी शिकवत होते ती शाळा सुटल्यावर बाबांना न सांगता किल्ली घेऊन सौंसरला गेले, कुलूप उघडलं, सायकल मालवाहू ऑटोत घातली आणि पांढुर्ण्याला घेऊन आले. बाबांनी दारात सायकल पाहिली आणि एक शब्द बोलले नाहीत. ते रागावले की असेच गप्प होतात.

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडून सायकलचं मागचं चाक दोन विटांच्या ढिगांवर उचलून घेतलं, भिंतीला टेकवून बसली सीटवर, आणि डावा पाय ओढणीनं पायडलला बांधायला लावला. उजव्या पायानं जोर दिला. पायडल खाली गेलं, आणि तिथंच अडकलं. उजवा पाय तळाशी पोचला की पुढचं अर्धं चक्कर डाव्यानं दाबायचं असतं. डावा दाबत नव्हता. मागचं चाक मात्र त्या एका धक्क्यावर टिक टिक टिक करत मोकळं फिरत राहिलं. तिनं पुन्हा ढकललं. पुन्हा तेच. पायडल जागेवर मेलेलं आणि चाक मजेत फिरतंय.

बराच वेळ ती मान वळवून त्या चाकाकडं बघत होती.

"पाहून राहिली का?" ती म्हणाली. "त्या चाकात किती जोर आहे. मीच दिला तो. आता मले गरज आहे त वापस का नाही देत?"

"फ्री आहे ना आत्याबाई. पायडल थांबलं तरी चाक फिरणारच."

"मंग फ्री काढा."

मला वाटलं ती चिडून बोलते आहे. ती चिडूनच बोलत होती, पण विचार करून. शर्यतीच्या दिवसांत गोल ट्रॅकवर चालवायच्या सायकली तिनं पाहिल्या होत्या. त्यांना फ्री नसते. मागची चकती चाकाला पक्की. चाक फिरलं की चेन फिरणार, चेन फिरली की पायडल फिरणार, आणि पायडल फिरलं की त्यावरचा पाय फिरणार, मग पायाच्या मनात असो की नसो. "माह्या पायाले असाच मास्तर पायजे," ती म्हणाली. "विचारणारा नाही. फिरवणारा."

बाजारातला वसंता मिस्त्री तिच्या ओळखीचा. त्याच्या डोक्यालाही तिनं गोटमारीत टाके घातलेले. त्याला घरी बोलावलं. तो सायकलभोवती दोन चकरा मारून म्हणाला, "सिस्टर, लोक माह्याकडे फ्री टाकाले येतात. काढाले पहिल्यांदाच कोणी बलावलं."

"मंग शिक ना आज."

"उतारावर पाय तोडून टाकीन हे."

"माहा एक तसाही तुटलाच आहे बाबू. तू काम कर."

त्यानं सायकल नेली. गेअरची सगळी यंत्रणा उतरवली, कांड्या काढल्या, तारा ओढून काढल्या. पाच चकत्यांचा गड्डा वर्षानुवर्षांच्या गंजानं असा बसला होता की वेल्डिंगच्या दुकानात चाक धरून, लांब पाइप लावून दोघांनी हिसकला तेव्हा निघाला. त्या जागी एकाच चकतीची साधी फ्री बसवली आणि तिला आतून वेल्डिंग मारून जाम करून टाकलं. चेन कापून आखूड केली. पुढच्या दातेरी चाकाच्या रेषेत चकती येईना, तेव्हा मध्ये वायसर घालून ती सरकवली. मेंढ्याची शिंगं काढून सरळ दांड्याचं हँडल लावलं, कारण डावा हात वाकून खाली पोचत नव्हता. ब्रेक एकच ठेवला, पुढचा, उजव्या हाताला. आणि लोखंडी पट्ट्यांचं एक स्टँड जोडून दिलं, ज्यावर मागचं चाक हवेत राहील. सायकल परत आली तेव्हा ती अशी दिसत होती की जणू कुणीतरी तिचे सगळे दागिने उतरवून घेतले आहेत.

आम्ही आमच्या घराच्या छपरीत स्टँड मांडलं. मी आणि आईनं आत्याबाईला सीटवर चढवलं. डाव्या पायाला आता चामड्याचा पट्टा होता. तिनं उजवा पाय दाबला. पायडल खाली गेलं, आणि थांबलं नाही. फिरत्या चाकानं त्याला वर ओढलं, आणि त्याबरोबर डावा पाय वर आला, पुढं गेला, खाली गेला, पुन्हा वर आला. टिकटिक नव्हती. नुसता चेनचा बारीक घरघराट.

आत्याबाईचं तोंड उघडं राहिलं होतं.

"मी नाही फिरवून राहिली," ती हळूच म्हणाली. "तो मले फिरवून राहिला."

तो पाय फिरत होता आणि आई रडत होती. आत्याबाई नाही रडली. ती म्हणाली, "रडून काय राहिली, पाणी आण. गरम होऊन राहिलं." पाणी आणलं ते ती सायकलवरच प्याली. त्या दिवसापासून आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ ती घरघर सुरू झाली. घंटी वाजायची थांबली.

पाय परत आला तो एका दिवसात नाही. आधी तो नुसता नेला जात होता. मग एके दिवशी तिनं उजवा पाय मुद्दाम ढिला सोडला, आणि चाक थांबण्याआधी डाव्यानं एकदा, अगदी एकदाच, कण्हल्यासारखं ढकललं. तिनं आम्हाला हाक मारली नाही. मी दारातून पाहत होते हे तिला ठाऊक नव्हतं. ती त्या पायावर हात ठेवून म्हणाली, "अस्सं. आला का वापस."

आता इथं खरं भांडण सुरू झालं. पाय थोडा चालू लागताच तिनं सौंसरच्या घराची किल्ली मागितली. बाबांनी दिली नाही. "ताई, तिथं एकटी पडली त कोण उचलीन?" त्यांचं खोटं नव्हतं. "पडली त पडली. इथं पडायची पण जागा नाही, सारे धरून राहतात," आत्याबाईचं उत्तर. तिचंही खोटं नव्हतं. दोघं बहीणभाऊ. एक दारात आडवा, दुसरी दारातून बाहेर बघणारी. आई दोघांना जेवायला वाढायची आणि दोघं एकमेकांशी न बोलता जेवायचे, एक बसून, एक भिंतीला टेकून उभी.

एक दिवस बाबा नगरपालिकेत एका अडकलेल्या कामासाठी गेले होते. आत्याबाईनं मला सायकल स्टँडवरून उतरवायला लावली. "गल्लीच्या तोंडापर्यंत," म्हणाली. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "ठीक आहे, मंग मी एकटी काढते," आणि खरंच काढू लागली. मी धरली.

पहिल्यांदा मी सीटला धरून धावले. मग तिनं वेग घेतला आणि सीट माझ्या हातातून सुटली. तिचे दोन्ही पाय फिरत होते, केस सुटले होते, आणि गल्लीतली माणसं ओट्यांवरून उठून उभी राहिली होती. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर वेग कमी करायला तिनं पायडल मागं दाबलं. बिनफ्रीच्या सायकलला तसंच थांबवतात. पण वसंतानं जाम केलेली ती चकती नुसत्या आट्यांवर बसवलेली होती. पुढं दाबलं की आवळायची, मागं दाबलं की उलगडायची. ती उलगडली. चेन लोंबली, पायडल एकदम मोकळं झालं, आणि घाबरून ब्रेक दाबायच्या आत आत्याबाई समोरच्या घरापुढं रचलेल्या पऱ्हाटीच्या ढिगात शिरली. कापसाच्या त्या वाळक्या काटक्यांनी तिचे हात आणि एक गाल ओरबाडून निघाले. हाड मोडलं नाही.

नेमके बाबा तेव्हाच परतले.

त्यांनी आधी काटक्या बाजूला सारल्या. तिला उचलून आत नेलं, जखमा धुतल्या, औषध लावलं. मग सायकल मागच्या खोलीत ठेवली आणि कुलूप लावलं. आत्याबाई म्हणाली, "अरुण, सायकलची चूक नाही. वसंताची पण नाही. मागून एक रिंग आवळली पायजे होती, ते सांगायचं मीच भुलली." बाबा म्हणाले, "चूक कोणाची का असेना. मले बहीण एकच आहे."

 आत्याबाईनं काठी घेतली आणि अंगणात चालू लागली. काठी टेकायची, पाय ओढायचा, काठी टेकायची, पाय ओढायचा. जेवण झालं की पुन्हा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ती बाबांना काही मागत नव्हती, टोचून बोलत नव्हती, नुसती चालत होती, आणि बाबा खिडकीतून तिला पाहत होते. माणूस थकून खाली पडेल असं चालणं होतं ते. आई म्हणाली, "अहो, ही अशानं अंगणातच पडून मरीन." बाबा उठले. मला वाटलं, तिला थांबवायला चालले. ते मागच्या खोलीत गेले, कुलूप काढलं, सायकलचं मागचं चाक सोडवलं आणि ते खांद्याला अडकवून स्वतः वसंताकडं चालत गेले.

परत आले तेव्हा चकतीच्या मागून त्याच आट्यांवर आणखी एक जाड रिंग घट्ट आवळलेली होती. बाबांनी ती आत्याबाईला दाखवली. "वसंतानं पाना लावून त्याच्यावर उभं राहून पाहलं. नाही उलगडत," ते म्हणाले. "पण माह्या देखत चालवायची." एवढं बोलून त्यांनी चाक बसवायला घेतलं. ते त्यांना नीट जमत नव्हतं. आत्याबाई काठीवर वाकून "डाव्या बाजूनं, अरे डाव्या बाजूनं" म्हणत राहिली, आणि त्यांनी अजिबात न चिडता ते काम पूर्ण केलं.

त्यानंतर रोज सकाळी गल्लीत बाबा पुढं आणि मागून आत्याबाई, किंवा आत्याबाई पुढं आणि मागून धापा टाकणारे बाबा. थंडी पडली. संत्र्याच्या बागांतून तोडा सुरू झाला, रस्त्यावर पेट्यांनी भरलेल्या गाड्या दिसू लागल्या. एका सकाळी ती म्हणाली, "मी आज सौंसरले चालली." बाबा म्हणाले, "बसनं?" ती म्हणाली, "अरुण, आपण दोघं कायले खोटं खोटं बोलून राहिलो?"

बाबांनी किल्ली आणून तिच्या हातावर ठेवली. मला म्हणाले, "तू स्कूटीनं मागं राह्य. हॉर्न नोको वाजवू, ते दचकते." आणि आत गेले. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभं राहणं त्यांच्यानं झालं नाही.

मी स्कूटी चालवत तिच्या मागं होते. इतक्या हळू मी आयुष्यात कधी चालवली नव्हती. कापूस वेचणाऱ्या बाया कंबरेच्या ओट्या धरून थांबून बघत होत्या. चढावर ती उतरायची, सायकल ढकलत चढायची. उतार आला की मी स्कूटी तिच्या जवळ आणायचे, कारण उतारावर ती सायकल पायांना आराम देत नाही. चाक धावेल तसे पाय धावतात. आत्याबाई उजव्या हातानं ब्रेक दाबत, दात आवळून, दोन्ही पाय भिंगरीसारखे फिरवत खाली उतरायची. मोहगाव फाट्यापाशी एका झाडाखाली थांबली. मी म्हटलं, "बसा थोडं." म्हणाली, "बसली त उठायचं भेव वाटीन." सायकलला रेलून उभ्यानंच तिनं एक संत्रं खाल्लं, अर्धं मला दिलं आणि साल रस्त्याच्या कडेला फेकून पुन्हा चढली.

सौंसरला पोचलो तेव्हा तिचा डावा पाय थरथरत होता. कुलूप उघडलं. घरात बंद हवेचा वास, ओट्यावर धूळ. मी झाडू शोधू लागले तर तिनं तो माझ्या हातातून घेतला.

"तू जा आता."

"आत्याबाई, झाडून तरी देते."

"जा. अंधाराच्या आत पोच. अरुण जेवला नसन."

तिनं मला दारापर्यंत पोचवलं आणि दार लावून घेतलं. आतून झाडूचा आवाज सुरू झाला. मी स्कूटीवर बराच वेळ तशीच थांबले होते. तिला तिचं घर मिळालं याचा आनंद होता, आणि आमच्या घरची ती घरघर आता थांबणार, हेही त्याच वेळी कळत होतं.

तिनं त्या घरात त्यानंतर काही वर्षं काढली, आणि एकटी काढली नाहीत. ती सायकलवर सौंसरभर फिरताना लोकांनी पाहिलं, मग कुणाचा भाऊ, कुणाची सासू, लकव्यानं एक अंग गेलेली माणसं तिच्या छपरीत येऊ लागली. आत्याबाई प्रत्येकाला आधी दवाखान्यात पाठवायची, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच सायकलला हात लावू द्यायची. स्टँडवर चढवायची, पायाला पट्टा बांधायची, आणि स्वतः बाजूला उभी. "जोर नोको देऊ. चाकाले काम करू दे. तू फक्त पळून नोको जाऊ." सगळ्यांचे पाय परत आले नाहीत. ज्यांचे आले नाहीत तेही येत राहिले. मी एकदा विचारलं, "त्यांना काय फायदा?" ती माझ्याकडं असं बघू लागली, जणू मी फारच बाळबोध काही विचारलं. "फिरते ना पाय," ती म्हणाली. "त्यांना दिसते ना फिरताना."

दुसरा झटका आला तो सकाळी, छपरीतच. या वेळी नागपूर गाठायची वेळ तिनं कुणाला दिली नाही. शेजारणीनं सांगितलं, हातात पाना होता, चेन ताणत होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम सौंसरलाच केला. सगळे गेल्यावर मी, आई आणि बाबा घर आवरायला मागं राहिलो. बाबांचं ठरलं होतं: सामान वाटून टाकायचं, सायकल पांढुर्ण्याला न्यायची, घर भाड्यानं द्यायचं. मालवाहू ऑटो सांगून ठेवला होता. तो सोमवार होता. छपरीच्या पायरीशी काठी आपटल्याचा आवाज आला. दर सोमवारी पाय फिरवायला येणारे रामाकोन्याचे डोमाजी, शेतमजुरी करणारे, साठीच्या पुढचे. एक हात छातीशी दुमडलेला. ते लेकीच्या गावाला गेले होते, त्यांना काही कळलं नव्हतं.

"जय भीम. सिस्टर कुठी गेल्या?"

बाबांनी सांगितलं. डोमाजी पायरीवर बसले. बराच वेळ काठीचं टोक जमिनीवर फिरवत राहिले.  मग त्यांनी मान वर केली, आणि फार संकोचानं, जणू अशा वेळी असं विचारणं बरं नाही हे कळत असूनही, विचारलं:

"मंग आजचं कसं करायचं?"

बाबा उठले. त्यांनी डोमाजींना दंडाला धरून सायकलपाशी आणलं, स्टुलावर उभं केलं, सीटवर चढवलं. मग गुडघे टेकून खाली बसले आणि पायाचा पट्टा बांधू लागले.  "घट्ट होते का?" त्यांनी विचारलं. "सिस्टर याहून घट्ट बांधे," डोमाजी म्हणाले. बाबांनी एक भोक आणखी ओढलं.

चाक फिरू लागलं. डोमाजी समोरच्या रस्त्याकडं बघत पाय फिरवत होते, आणि बाबा सीटच्या मागं हात धरून उभे होते. डोमाजी दमले तेव्हा त्यांनी पाय थांबवला नाही. तसा तो थांबतही नाही. चाक हळू होत गेलं, तसे पाय हळू होत गेले, आणि सगळं एकदमच थांबलं.

पट्टा सोडताना डोमाजींनी विचारलं, "पुढच्या सोमवारी इथं कोणी राहीन का?"

बाहेर ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला. आईनं बाबांकडं पाहिलं. बाबा डोमाजींचा पाय आपल्या हातांनी पायडलवरून उचलून स्टुलावर ठेवत होते.

"मी राहीन," ते म्हणाले.

त्या दिवशी आम्ही भांडी नेली, कपाट नेलं, गाद्या नेल्या. सायकल छपरीतच राहिली.